लक्षण ‘काय’ आहे याइतकेच ते ‘कधी’ होते: झोपेचा विकार मानसिक आजार समजला गेला असेल तर काय करावे

माझ्या धाकट्या भावाची इतिहासाची एक वही मी अजून जपून ठेवली आहे. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून तो स्पर्धा परीक्षेची तयारी करत असे, त्या काळातली ती वही आहे. पानाच्या सुरुवातीला त्याचे नेहमीचे टपोरे, सरळ अक्षर दिसते. पाचव्या-सहाव्या ओळीपासून ते खाली घसरू लागते, मध्येच विषयाशी काडीचा संबंध नसलेला एखादा शब्द येतो आणि शेवटी पेनाची एक लांब रेघ पानाच्या कडेपर्यंत ओढली गेलेली दिसते. दोन ओळी सोडून पुन्हा टपोरे अक्षर सुरू होते. अशी पाने त्या वहीत चाळीसच्या वर आहेत. घरी आम्ही म्हणत होतो की याचे अभ्यासात लक्ष नाही. पुढे केसपेपरवर एका गंभीर मानसिक आजाराचे नाव आले, आणि ही पाने म्हणजे झोपेत चालू राहिलेले लिखाण आहे, त्याला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाही अनावर झोप येण्याचा मेंदूचा विकार आहे, हे कळायला चार वर्षे गेली.

त्या चार वर्षांत आम्ही जे उशिरा शिकलो ते इतरांना लवकर मिळावे, म्हणून हे लिहीत आहे. हा लेख मनोविकारतज्ज्ञांच्या विरोधात नाही. भावाच्या निदानाबद्दल पहिली शंका एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनीच घेतली होती. भास, उदासी, चिडचिड किंवा दिवसभराची मरगळ असलेल्या बहुतेकांना खरोखरच मानसिक आजार असतो आणि त्यांची बिघडलेली झोप हा त्या आजाराचाच भाग असतो. मात्र काहींच्या बाबतीत गाडी उलट दिशेने गेलेली असते, आणि काहींना दोन्ही विकार एकाच वेळी असतात. आपण यांपैकी कुठे आहोत हे घरबसल्या ठरवता येत नाही. ते ठरवण्यासाठी डॉक्टरांना लागणारी माहिती मात्र घरीच गोळा करावी लागते, कारण दहा मिनिटांच्या भेटीत ती मिळणे शक्य नसते.

सर्वांत आधी: चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका

आपल्याला वेगळाच आजार असावा अशी शंका आली की पहिला राग गोळ्यांवर निघतो. आमच्याकडेही तो निघाला होता. परंतु मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम अचानक थांबवल्यास आजार जोराने उलटू शकतो. क्लोनाझेपामसारखी ‘झोपेची गोळी’ दीर्घकाळ घेऊन एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, मळमळ, बेचैनी आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. ज्याला खरोखर नार्कोलेप्सी आहे, त्याच्या बाबतीत या गोळ्या तोडल्यावर अंगातले बळ क्षणभर जाण्याचे प्रकार आधीपेक्षा वाढू शकतात. शंका बरोबर निघाली तरीही गोळ्या कमी करण्याचे वेळापत्रक ज्या डॉक्टरांनी त्या सुरू केल्या त्यांच्याशी बोलूनच ठरवावे.

काही परिस्थितींत झोपेचा शोध पूर्णपणे बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी लागते. जीव देण्याचे विचार येत असतील, ‘अमुक कर’ असा हुकूम देणारे आवाज जागेपणी ऐकू येत असतील, किंवा तीन-चार रात्री जेमतेम दोन तास झोपूनही माणूस थकत नसेल, उलट त्याच्या अंगात उत्साह मावेनासा झाला असेल आणि तो भरमसाट खर्च, बडबड, भांडणे करत असेल, तर थांबू नये. या शेवटच्या प्रकारात झोप येत नसते असे नाही, तर झोपेची गरजच वाटत नसते, आणि हा फरक घरच्यांनी नीट लक्षात ठेवावा. जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. केंद्र सरकारची टेली मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.

‘कधी’ हा प्रश्न

भाऊ पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेला तेव्हा त्याने सांगितले, “खोलीत एक माणूस उभा दिसतो आणि मला हलता येत नाही.” कागदावर ‘भास’ असे लिहिले गेले, आणि ते चूकही नव्हते. पण हा माणूस कधी दिसतो, हे कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सांगावेसे वाटले नाही. घरातल्या मोठ्यांनी त्याआधीच ‘बाहेरचे काहीतरी आहे’ म्हणून दृष्ट काढून झाली होती, त्यामुळे भास म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखे काही उरते असे आम्हाला वाटलेच नाही. पुढे कधीतरी मी सहज विचारले, “तो माणूस तुला अभ्यासिकेत दिसतो का रे?” तो म्हणाला, “दिसतो ना ताई, डुलकी लागली की लगेच दिसतो. नाहीतर नाही दिसत.” चार वर्षांत कोणत्याही कागदावर न आलेले हे एक वाक्य पुढच्या सगळ्या तपासाचे मूळ ठरले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपण स्वप्ने पाहतो ती प्रामुख्याने ‘रेम’ नावाच्या झोपेत. त्या काळात मेंदू हातापायांच्या स्नायूंचे बळ जवळजवळ पूर्ण काढून घेतो, म्हणून आपण स्वप्नात पळत असलो तरी अंथरुणात पळत नाही. निरोगी माणसाला झोप लागल्यानंतर साधारण दीड तासाने रेम झोप येते. नार्कोलेप्सीत ती पंधरा मिनिटांच्या आतच येऊ शकते, आणि मग जागेपणाच्या काठावरच स्वप्न सुरू होते. डोळे उघडे असतात, खोली खरी असते, शरीर जखडलेले असते आणि स्वप्नातला माणूस त्या खऱ्या खोलीत उभा असतो. छातीवर कोणी बसले आहे असे वाटते. झोपेतली ही जखडण थकवा, जागरण किंवा उताणे झोपणे यांमुळे पूर्ण निरोगी माणसालाही कधीमधी होते, त्यामुळे ती एकदा-दोनदा झाली म्हणून घाबरू नये.

म्हणून प्रत्येक लक्षणापुढे स्वतःला हे विचारावे: ते झोप लागताना, जाग येताना, डुलकीच्या वेळी, की स्वच्छ जागेपणी होते? ते किती वेळ टिकते? पूर्ण जाग आल्यावर ‘ते खरे नव्हते’ असे माझे मलाच कळते का? झोपेच्या काठावरचे भास बहुधा दिसणारे आणि स्पर्शाचे असतात, काही मिनिटांत ओसरतात आणि नंतर ते खोटे होते याची जाणीव राहते. स्किझोफ्रेनियात जागेपणी ऐकू येणारे आवाज अधिक आढळतात आणि त्याभोवती पक्की समजूत तयार झालेली असते. हा फरक ढोबळ आहे. नार्कोलेप्सीतली स्वप्ने इतकी जिवंत असतात की काहींना स्वप्नातले बोलणे खरेच झाले होते की काय याचा दिवसभर संभ्रम राहतो. म्हणून या फरकावरून स्वतःचे निदान करू नये, पण तो टिपून मात्र ठेवावा.

दोन आठवड्यांची वही

साधी दोनशे पानी वही पुरेशी आहे. रोज सकाळी उठल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत आणि रात्री झोपण्यापूर्वी, अशा दोन वेळा लिहावे. सकाळी लिहायचे ते असे: दिवा किती वाजता मालवला, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा आणि कशामुळे जाग आली, शेवटी किती वाजता उठलो, उठल्यावर डोके दुखत होते का, तोंड कोरडे पडले होते का, ताजेतवाने वाटले का. रात्री लिहायचे ते असे: दिवसात कधी आणि किती मिनिटे डुलक्या लागल्या, त्यांत स्वप्न पडले का, चहा-कॉफी किती वाजता घेतली, कोणती गोळी किती वाजता घेतली, मन सर्वांत खाली गेले ते कोणत्या वेळी, आणि जे विचित्र वाटले ते घड्याळाच्या नेमक्या वेळेसह. ‘झोप वाईट झाली’ असे लिहू नये. ‘दीड वाजता दचकून उठलो, श्वास घेता येत नव्हता, दोन मिनिटांनी बरे वाटले’ असे लिहावे.

रविवारचे पान सोडू नये, कारण सुटीच्या दिवशी माणूस आपल्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे झोपतो आणि तेच पुढे उपयोगी पडते. गणपतीच्या दहा दिवसांत ही नोंद सुरू करू नये. ढोल-ताशांचा सराव, देखावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी विसर्जनाची मिरवणूक यांत पुण्यातल्या कोणाचीच झोप ठिकाणावर नसते. परीक्षेच्या आधीचा आठवडाही टाळावा. हिंजवडी-खराडीत परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीच्या वेळा स्वतंत्र रकान्यात लिहाव्यात. त्यांच्या उदासीचा आणि चिडचिडीचा उलगडा पुष्कळदा त्या रकान्यातच होतो.

मनगटी घड्याळे आणि मोबाइलवरची अॅप झोपेच्या वेळा बऱ्यापैकी दाखवतात, पण ‘गाढ झोप’, ‘रेम झोप’ असे त्यांचे रंगीत आलेख निदानासाठी धरू नयेत.

वहीसोबत एप्वर्थ निद्राळूपणा मोजपट्टी भरावी. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि जगभरच्या झोपेच्या दवाखान्यांत ती वापरली जाते. वाचताना, टीव्ही पाहताना, चारचौघांत नुसते बसलेले असताना, तासभर गाडीत मागे बसलेले असताना, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत बसलेले असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि रहदारीत गाडी थांबलेली असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ गुणांत सांगायची असते. एकूण गुण २४ असतात आणि १० पेक्षा जास्त आले तर दिवसाची झोप अवाजवी मानतात. आपल्याकडे वामकुक्षीला मान असल्यामुळे दुपारी आडवे झाल्यावरच्या ३ गुणांवरून फारसे काही ठरत नाही. बोलताबोलता किंवा सिग्नलला थांबल्यावर डोळा लागत असेल तर मात्र तो एक गुणही महत्त्वाचा आहे.

रात्रीचा साक्षीदार

झोपलेल्या माणसाला स्वतःची रात्र माहीत नसते. जोडीदार, आई, खोलीतला मित्र किंवा वसतिगृहातली मैत्रीण यांना विचारावे आणि संमती घेऊन मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे आवाजासह चित्रण करून घ्यावे. मोठ्या घोरण्यानंतर अचानक शांतता पसरते, छाती-पोट हलत राहतात पण श्वासाचा आवाज येत नाही, आणि मग गुदमरल्यासारखा हिसका देऊन श्वास सुरू होतो, असे चित्रण असेल तर तज्ज्ञ ते पाहताक्षणी अर्धा इतिहास समजून घेतात. पायांना ठरावीक अंतराने बसणारे झटके, झोपेत मारलेले गुद्दे, किंचाळणे, उठून चालणे हेही टिपावे. भावाच्या बाबतीत साक्षीदार दिवसाचा होता. टिळक रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी मित्राच्या विनोदावर हसताना याच्या हातातला ग्लास सुटला, मान खाली गेली, गुडघे दुमडले आणि तो कठड्यावर बसला. अर्ध्या मिनिटात तो ठीक होता. मित्रांना वाटले फिट आली. पण तो पूर्ण वेळ शुद्धीवर होता आणि सगळे बोलणे त्याला ऐकू येत होते. हसण्याने अंगातले बळ जाण्याच्या या प्रकाराला कॅटाप्लेक्सी म्हणतात आणि नार्कोलेप्सीचे याइतके बोलके लक्षण दुसरे नाही. हे ‘नाटक’ किंवा ‘मानसिक झटका’ समजले जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून कोणत्या भावनेनंतर ते होते हे नेमके लिहून ठेवावे.

कोणता विकार कोणत्या नावाने हिंडतो

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास थांबणे, अर्थात स्लीप अॅप्निया. रात्रभर शेकडो वेळा मेंदू क्षणभर जागा होतो, माणसाला त्यातले काही आठवत नाही, आणि दिवसा उरतो तो थकवा, विसराळूपणा, निरुत्साह आणि चिडचिड. हे सगळे नैराश्याच्या यादीत चपखल बसते. मध्यरात्री गुदमरून उठणे, छाती धडधडणे आणि घाम फुटणे याला पॅनिक अटॅक म्हटले जाते. हा विकार फक्त जाड पुरुषांना होतो ही समजूत चुकीची आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांत त्याचे प्रमाण वाढते आणि त्या घोरण्यापेक्षा थकवा, झोपमोड व उदासी यांचीच तक्रार अधिक करतात, त्यामुळे त्यांच्या हाती नैराश्याची गोळी लवकर येते आणि झोपेची तपासणी उशिरा. यात आणखी एक चक्र आहे. काही मनोविकारांवरच्या औषधांनी वजन वाढते, वजनाने श्वासाची वाट आणखी अरुंद होते, दिवसाची सुस्ती वाढते आणि ती सुस्ती मूळ मानसिक आजार बळावल्याचे चिन्ह समजून औषधाची मात्रा वाढते. वजन आणि घोरणे औषध सुरू झाल्यानंतर किती वाढले याच्या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहाव्यात.

नार्कोलेप्सी त्यामानाने दुर्मीळ आहे, साधारण दोन हजारांत एक. ती बहुधा १० ते २५ या वयात सुरू होते, म्हणजे ज्या वयात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारही डोके वर काढतात, त्याच वयात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात हायपोक्रेटिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे तिचा मुख्य प्रकार होतो. हे रसायन १९९८ मध्ये सापडले, तर आजाराला नाव जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० मध्ये दिले होते. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षे हा आजार नावाने माहीत होता आणि कारणाने अज्ञात होता. पंधरा-वीस मिनिटांच्या डुलकीनंतर काही काळ लख्ख ताजेतवाने वाटणे ही तिची एक खूण आहे. स्लीप अॅप्नियात तासभर झोपूनही डोके जडच राहते.

ज्या तरुणाला पहाटे तीनशिवाय झोप लागतच नाही आणि सकाळी उठवले तर तो दगडासारखा पडून राहतो, पण सुटीत तीन ते अकरा असे आठ तास उत्तम झोपतो, त्याला आळशी किंवा नैराश्यग्रस्त म्हणण्यापूर्वी शरीराचे घड्याळ पुढे सरकले आहे का हे पाहावे. संध्याकाळी बसल्यावर पायांत मुंग्या, ओढ किंवा किडे चालल्यासारखे वाटून पाय हलवावेच लागणे, चालले की बरे वाटणे, हे अस्वस्थ पायांचे लक्षण पुष्कळदा चिंतारोगात मोजले जाते. नैराश्यावरची काही औषधे, मनोविकृतीवरची औषधे आणि सर्दी-अॅलर्जीच्या काही साध्या गोळ्यासुद्धा ते वाढवतात. पन्नाशीनंतर झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय चालवणे, शेजारच्याला मार बसणे, हे प्रकार मेंदूविकारतज्ज्ञांनी अवश्य पाहावेत. किशोरवयात काही दिवस ते काही आठवडे दिवसाचे सोळा-अठरा तास झोपणे, अधाशासारखे खाणे, भ्रमिष्टासारखे वागणे आणि मधल्या काळात पूर्ण ठीक असणे हा क्लाइन-लेव्हिन नावाचा अतिदुर्मीळ प्रकार आहे आणि तो बायपोलर समजला जाऊ शकतो.

रक्ताच्या तपासण्या

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच, ब-१२ जीवनसत्त्व आणि साखर एवढ्या तपासण्या फॅमिली डॉक्टरांकडून आधीच करून घ्याव्यात. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता वारंवार सापडते. पाय अस्वस्थ असतील तर फेरिटिन प्रयोगशाळेच्या ‘नॉर्मल’ रकान्यात असूनही ७५ पेक्षा कमी असल्यास लोह देण्याचा विचार करतात, ही गोष्ट डॉक्टरांना आठवून विचारावी.

कोणाकडे जावे आणि काय बोलावे

पहिली भेट आपल्याच मनोविकारतज्ज्ञांची घ्यावी, आणि रागाने जाऊ नये. “तुमचे निदान चुकले” या वाक्याने संवाद तिथेच संपतो. “या लक्षणांच्या वेळा मी पंधरा दिवस लिहिल्या आहेत, यात झोपेच्या विकाराची शक्यता वाटते का, आणि तपासणीसाठी चिठ्ठी द्याल का,” असे विचारले तर बहुतेक डॉक्टर कागद हातात घेतात. सोबत पूर्ण वही पुढे न करता तिचा सारांश एका पानावर न्यावा: आजार कधी सुरू झाला, आजवरची औषधे, त्यांची मात्रा व काळ, प्रत्येक औषधाने काय सुधारले आणि काय बिघडले, एप्वर्थचे गुण, आणि दोन-तीन ठळक प्रसंग वेळेसह. प्रिस्क्रिप्शनच्या जुन्या चिठ्ठ्या तारखेनुसार एका फाइलमध्ये लावाव्यात. जुने कागद हरवले असतील तर संबंधित रुग्णालयाकडे लेखी मागणी करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपली मूलभूत वैद्यकीय कागदपत्रे मिळवण्याचा हक्क दिला आहे.

घोरणे आणि श्वास थांबणे हे मुख्य असेल तर छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ, आणि अनावर झोप, भास, बळ जाणे किंवा झोपेतल्या विचित्र हालचाली असतील तर मेंदूविकारतज्ज्ञ, अशी साधी वाटणी लक्षात ठेवावी. ज्यांनी निद्राविकारांत विशेष काम केले आहे असे तज्ज्ञ मिळाल्यास उत्तमच. खर्चाचा प्रश्न असेल तर ससून सर्वोपचार रुग्णालयात किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात केसपेपर काढून सुरुवात करता येते. खासगी स्लीप लॅब निवडताना एकच प्रश्न आधी फोनवर विचारावा: “रात्रीच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशीची एमएसएलटी तुमच्याकडे होते का?” एमएसएलटी म्हणजे दिवसा किती लवकर झोप लागते हे मोजणारी चाचणी. श्वासाची तपासणी अनेक ठिकाणी होते, ही दुसरी कमी ठिकाणी होते, आणि नार्कोलेप्सीची शंका असताना फक्त पहिली करून परत आल्यास पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात. आमचे गेले. घरी यंत्र देऊन होणारी तपासणी श्वासापुरती असते. बहुतेक यंत्रांत मेंदूच्या लहरींची नोंद नसल्याने नार्कोलेप्सी तिच्यात सापडत नाही. एकूण खर्च आणि मेडिक्लेममध्ये तो बसतो का, हेही आधीच विचारून घ्यावे.

तपासणीची तयारी

पॉलिसोम्नोग्राफी म्हणजे रात्रभर डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती, पोट आणि पाय यांवर संवेदक लावून झोपेची नोंद घेणे. त्यात सुई टोचत नाहीत. आदल्या दिवशी डोके धुवावे आणि तेल अजिबात लावू नये, कारण तेलकट केसांत संवेदक चिकटत नाहीत. नखांना नेलपॉलिश असेल तर काढावे, नेहमीची उशी सोबत न्यावी, आणि त्या दिवशी दुपारी झोपू नये. श्वास तासाला ५ ते १५ वेळा अडत असेल तर सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र अॅप्निया धरतात.

एमएसएलटी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. दर दोन तासांनी, अंधाऱ्या खोलीत, पाच वेळा वीस-वीस मिनिटे झोपण्याची संधी देतात. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली आणि पाचांपैकी निदान दोनदा लगेच रेम झोप आली, तर नार्कोलेप्सीकडे बोट जाते. आदल्या रात्रीच्या तपासणीत लगेच आलेली रेम झोप या दोनांतली एक म्हणून धरता येते. आदल्या रात्री किमान सहा तास झोप झालेली असावी लागते आणि त्याआधीचे एक-दोन आठवडे झोप नियमित असावी लागते. जागरण केलेल्या किंवा रात्रपाळीच्या निरोगी माणसाचा निकालही नार्कोलेप्सीसारखा येऊ शकतो. इथे आपली वही पुन्हा कामी येते.

खरी अडचण औषधांची आहे. नैराश्यावरची बहुतेक औषधे रेम झोप दाबून टाकतात, त्यामुळे ती चालू असताना नार्कोलेप्सी असूनही निकाल ‘नाही’ असा येऊ शकतो. म्हणून ती साधारण दोन आठवडे आधी थांबवतात, आणि फ्लुऑक्सेटिन शरीरात फार काळ रेंगाळत असल्यामुळे त्याला पाच-सहा आठवडे लागतात. हा निर्णय मनोविकारतज्ज्ञ आणि झोपेचे तज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो, त्या काळात घरात कोणीतरी सोबत असावे, आणि मन खचू लागल्यास कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेले असावे. भावाची औषधे कमी होत असताना आईने रात्री त्याच्या खोलीत अंथरूण टाकले होते. औषध थांबवणे धोक्याचे असेल तर ते चालू ठेवून तपासणी करावी आणि अहवालात तसे स्पष्ट लिहून घ्यावे. एकदा ‘नाही’ आलेली एमएसएलटी लक्षणे ठळक असतील तर पुन्हा करता येते.

निकाल आल्यावर

अॅप्निया निघाला तर वजन, झोपण्याची कूस, नाकाचे अडथळे यांबरोबर सीपॅप यंत्राचा सल्ला मिळतो. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेला हा उपाय मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतो. पहिले दोन-तीन आठवडे मुखवटा नकोसा होतो. नाक कोरडे पडणे, पट्ट्यांचे वळ, हवेची गळती यांवर मुखवट्याचा आकार बदलून आणि बाष्पाची सोय करून मार्ग निघतो, म्हणून यंत्र आधी भाड्याने घेऊन पाहावे. नार्कोलेप्सी पूर्ण बरी होत नाही, पण ठरलेल्या वेळच्या डुलक्या आणि मोडाफिनिलसारखी जाग टिकवणारी औषधे यांनी दिवस पुष्कळ सुधारतो. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे स्त्रियांनी डॉक्टरांना आठवणीने सांगावे. कॅटाप्लेक्सीसाठी काही वेळा नैराश्यावरचीच गोळी लहान मात्रेत देतात, तेव्हा ‘पुन्हा तेच औषध’ म्हणून दचकू नये. या वेळी तिचे काम वेगळे असते.

झोपेचा विकार सापडला नाही तरी वही वाया गेली नाही. तीन महिने आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप येत नसेल तर तो निद्रानाश स्वतंत्रपणे उपचार करण्याजोगा आहे. गोळ्यांच्या आधी त्यासाठी झोपेपुरती आखलेली वर्तनोपचार पद्धत वापरावी असे तज्ज्ञ सांगतात. मानसिक आजार आहे हे नक्की झाले, तर त्याचे उपचार आता शंकेविना, मनापासून घेता येतात. मला तेही मोठे वाटते.

घर, रस्ता, कागद

अनावर झोप आटोक्यात येईपर्यंत दुचाकी चालवू नये, हे मी पुण्यात राहून लिहीत आहे आणि त्याची गैरसोय मला पूर्ण माहीत आहे. भाऊ सहा महिने पीएमपीच्या बसने आणि माझ्या मागे बसून फिरला. गच्चीच्या कठड्यावर बसणे, एकट्याने पोहणे, उकळत्या तेलापाशी एकट्याने उभे राहणे हेही टाळावे. महाविद्यालयात किंवा कचेरीत दुपारी वीस मिनिटे आडवे होण्याची जागा लेखी अर्ज आणि वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन मागावी. तोंडी मागितली की ती सवलत वाटते आणि चार दिवसांत बंद होते.

घरच्यांनी झोपलेल्या माणसाला ‘उठ, किती झोपतोस’ म्हणणे थांबवावे आणि झोपेत जखडलेल्याला हळूच नावाने हाक मारून खांद्याला स्पर्श करावा. बहुतेकांची जखडण तेवढ्याने सुटते.

शेवटचे काम कागदाचे. निदान बदलले असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडून तसे लेखी पत्र घ्यावे. आधीचे निदान कोणते होते, ते कोणत्या तपासणीच्या आधारे आणि कोणत्या तारखेला बदलले, आता कोणते औषध कशासाठी चालू आहे, एवढे त्यात असावे. नोकरीची वैद्यकीय तपासणी, विमा, दुसऱ्या गावातला नवा डॉक्टर यांच्यासमोर जुनी फाइल आपल्याआधी पोचते आणि तिच्यातले पहिले पानच वाचले जाते. भावाच्या फाइलमध्ये आता ते पत्र सर्वांत वर लावलेले आहे आणि त्यामागे वहीतल्या त्या घसरत्या ओळींच्या दोन पानांच्या छायाप्रती आहेत.